भरवशाचं पाणी

लेट्यूस पेरताना आई बोलत नसे. बी इतकं हलकं की तोंडातून शब्द निघाला तर श्वासानेच उडून जायचं. तळाला भोकं पाडलेला उथळ ट्रे, त्यात चाळलेली माती आणि त्या मातीवर चिमटीतून सुटणारे ते बारीक, टोकदार दाणे. वर मातीचा थर द्यायचा नाही, नुसती धूळ बसल्यासारखी माती भुरभुरायची. या बियाला उगवायला उजेड लागतो, गाडलं की ते रुसतं, असं ती म्हणायची. अर्थात, पेरून झाल्यावर.

"पेरते आहेस की मिरपूड टाकते आहेस?" बाबा मुद्दाम त्याच वेळी विचारत. आई डोळे मोठे करून बघे. उत्तर मागाहून यायचं, आणि ते चांगलं लांबलचक असायचं.

ती इस्पितळाच्या कपड्यांच्या विभागात कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे यांची मोजदाद तिच्याकडे असायची. तिथल्याच एका वयस्कर बाईने निवृत्त होताना तिला चिमूटभर बी दिलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. ती बाई पुढे कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही, पण बी आमच्याकडे राहिलं. आई दरवर्षी त्यातूनच पुढच्या वर्षाचं बी धरत आली.

बी धरण्याची तिची एक रीत होती. दिवस तापायला लागले की लेट्यूसच्या मधोमध दांडा वर सरकतो, पानं कडू होतात, मग तुरा येतो. बहुतेकांना तुरा दिसला की बी धरायची घाई होते. आई मात्र पहिल्यांदा वर जाणारी रोपं काढून टाकायची आणि सगळ्यांत शेवटी जे रोप उठेल, त्याच्या दांड्याला कापडाची चिंधी बांधायची. बी फक्त त्याचंच. वर्षानुवर्षं असं केल्यामुळे आमच्या बाल्कनीतलं लेट्यूस हट्टी झालं होतं. बाजारातलं कडू पडायचं तेव्हाही आमचं गोड असायचं. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. ते म्हणायचे, "माझा जन्म गेला लोकांना वर चढवण्यात, आणि हिचा, कुणी वर चढू नये म्हणून."

या वर्षी तिने खुर्चीवर बसून पेरलं. दमते हल्ली, एवढंच म्हणाली. बी उगवून दोन-दोन पानांवर आलं त्या आठवड्यात तिला इस्पितळात दाखल केलं. तिच्याच इस्पितळात, तिनेच कधीकाळी मोजलेल्या चादरींसारख्या चादरीवर. पहिल्या दिवशी तिने चादरीची कड बोटांत धरून पाहिली आणि हल्ली कापड हलकं घेतात, असा शेरा मारला.

एका दुपारी बाबा खाली चहाला गेले होते. तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही मोठं सांगणार.

"ट्रेला पाणी घालशील ना?" ती म्हणाली. "बाबांच्या भरवशावर सोडू नकोस. त्यांच्या लक्षात राहायचं नाही. आणि त्यांना सांगूही नकोस, उगीच मनाला लावून घेतील."

मी हो म्हटलं. त्यानंतर ती बोलली ते सगळं तुटक होतं. तहान, उशी, खिडकी. तो आठवडा संपायच्या आत ती गेली.

मी माझं घर बंद करून बाबांकडे राहायला आले. मी नकाशे छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते. नद्या, गावं, सरहद्दी यांची नावं जागच्या जागी आहेत की नाही ते बघते. चार दिवसांची सुटी संपल्यावर इथूनच कामावर जाऊ लागले. बाबा फारसे बोलत नव्हते. जेवायला बसत, पण ताटलीतलं इकडचं तिकडे करून उठत. बाल्कनीच्या दाराचा पडदा त्यांनी ओढून घेतला होता आणि तो उघडलेला मला कधी दिसला नाही. त्यांना तिकडे बघवत नाही, असं मी धरून चालले.

म्हणून मी सकाळी ते उठायच्या आत पडद्यामागे शिरायचे, तांब्याभर पाणी हलक्या हाताने ट्रेमध्ये सोडायचे आणि परत यायचे. मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. आईचं बघितलेलं होतं तेवढंच. माती ओली दिसायची, त्याचं मला बरं वाटायचं.

रोपं दाट उगवली होती. विरळणी करायला हवी होती. आई छोट्या कात्रीने जादा रोपं बुडाशी कापायची, उपटायची नाही, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत. कापलेलं पाव-लोण्याबरोबर बाबांच्या ताटलीत. मी कात्री घेऊन बसले खरी, पण कोणतं ठेवायचं आणि कोणतं नाही हे ठरेना. मुद्रितातली जादा ओळ काढताना माझा हात कधी अडत नाही. इथे प्रत्येक रोप तिने स्वतःच्या चिमटीतून सोडलेलं. शेवटी मी थोडीच कापली आणि मनाशी म्हटलं, आणखी एक ट्रे पेरू, तो माझ्या हातचा, त्यात वाटेल तशी कात्री चालवता येईल.

बी फ्रीजमध्ये असायचं, गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत. फ्रीज उघडला तर दाराचा वरचा कप्पा रिकामा. नुसता रिकामा नाही, पुसून लख्ख केलेला.

बाबा टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

"बाबा, इथली बियांची बाटली?"

"कुठल्या बियांची?"

"आईच्या. लेट्यूसच्या. गोळ्यांच्या बाटलीत होतं ना बी."

त्यांनी चष्मा काढला. लिफ्टच्या कामात त्यांची एक शिस्त होती: काम संपलं की उरलेला खिळासुद्धा जागेवर ठेवायचा नाही, मागे राहिलेली वस्तूच पुढे घात करते. त्या शिस्तीने त्यांनी आई गेल्यावर फ्रीजमधला तिच्या औषधांचा तो कप्पा मोकळा केला होता आणि सगळ्या बाटल्या औषधांच्या दुकानातल्या जमा करायच्या पेटीत नेऊन टाकल्या होत्या. मी घरात येऊन बॅगही उघडली नव्हती, त्याआधी.

"सगळ्याच बाटल्यांवर तिचं नाव होतं," ते म्हणाले.

मग उठले, बूट घातले आणि मला न सांगता खाली गेले. मी खिडकीच्या जाळीतून बघत होते. ते रस्ता ओलांडताना थांबले नाहीत. एका सायकलवाल्याने त्यांना चुकवलं. परत आले तेव्हा रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. दुकानातली बाई चांगली होती म्हणे. तिने पेटी उघडून दाखवली. पण पेटी दर आठवड्याला उचलतात आणि सगळं जाळतात.

मी म्हटलं, असू दे बाबा, ट्रे आहे ना. ते मान हलवून आत गेले. त्यांनी पडद्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मावशीला विचारलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, शिवणकाम करते. आई दर हंगामात तिला पिशवीभर पानं द्यायची, कधी रोपंही. तिने कधी बी धरलं होतं का? "मी?" मावशी म्हणाली. "घरात कारखाना असताना मी दुकान कशाला काढू?" मग तिच्या लक्षात आलं की कारखाना बंद झाला आहे, आणि तिने हातातल्या कापडाची घडी विनाकारण पुन्हा घातली.

म्हणजे आता जे होतं ते ट्रेमध्ये. त्यातलं एक रोप, निदान एक, तुऱ्यापर्यंत जायला हवं होतं. पिवळी बारीक फुलं, मग पांढरा कापूस, मग कागदी पिशवीत दांडा झटकून बी. तेवढं एकदा झालं की पुढच्या वर्षी पुन्हा ट्रे. मी नकाशांच्या कचेरीत बसून मनातल्या मनात हे टप्पे मोजायचे. माझ्या नजरेतून त्या दिवसांत एका नदीचं नाव निसटलं आणि ती दुसऱ्याच डोंगरातून उगम पावून छपाईपर्यंत गेली. सहकाऱ्याने वेळेत पकडली म्हणून बरं.

रोपं मात्र वाढेनात. पानं फिकी पडली, मग मान टाकल्यासारखी दिसू लागली. तहानलेल्या रोपाचं पान असंच लोंबतं हे मला ठाऊक होतं. मी पाणी वाढवलं. सकाळचा एक तांब्या, आणि कामावरून आल्यावर बाबा संध्याकाळचे पाय मोकळे करायला गेले की आणखी अर्धा. तरी रोज एखादं रोप आडवं झालेलं असायचं. उचलून बघावं तर मातीच्या रेषेशी देठ दोऱ्याइतका बारीक आणि तपकिरी. मी ती मेलेली रोपं वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि पर्समध्ये घालून कचेरीच्या कचऱ्यात टाकायचे. घरच्या कचऱ्यात बाबांना दिसली असती.

ट्रेमध्ये मोकळी जागा वाढत गेली. शेवटी कोपऱ्यातली मूठभर रोपं उरली. ती मात्र टिकली, त्यांनी चांगली पानं धरली, कडा लालसर, आईच्या लेट्यूसची असायची तशीच. मग त्यांतलीही गेली. एक उरलं.

एका सुटीच्या दिवशी मावशी आली. ती अधूनमधून येतच होती. मी कामावर असताना दुपारचीही येऊन जायची, बाबांसाठी काहीतरी शिजवून ठेवायची. आल्या आल्या तिने बाबांना फैलावर घेतलं. भावोजी, दाढी करा जरा, ताई नाही तर आरसाही गेला का घरातून? बाबा म्हणाले, आरसा आहे, बघणारा नाही. मावशी हसली नाही. स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा जग भरून घेतला आणि सरळ बाल्कनीकडे निघाली. तिने पडदा असा बाजूला केला की जणू रोजचंच.

"मावशी, नको," मी म्हटलं. "मी घातलंय सकाळी."

"मी आत्ताच घातलं," बाबा खुर्चीतून म्हणाले.

मावशी जग धरून दारात उभी राहिली. मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे.

"तुम्ही पाणी घालता?" मी विचारलं.

"तू कामाला गेलीस की. आज आंघोळीला गेलीस तेव्हा. दुपारी पुन्हा एकदा." ते अडखळले. "तुझी आई म्हणाली होती. इस्पितळात. म्हणाली, पोरीच्या भरवशावर सोडू नका, ती तिच्या नकाशांत बुडालेली असते. आणि तिला सांगू नका, म्हणाली, वाईट वाटेल तिला."

"मला म्हणाली बाबांच्या भरवशावर सोडू नकोस."

मावशीने जग हळूच खाली ठेवला. "आणि मला," ती म्हणाली, "मला म्हणाली, या दोघांच्याही भरवशावर सोडू नकोस. त्यांच्या नकळत घाल. मी येते तेव्हा जगभर ओततेच. तुझे बाबा दुपारी डोळे मिटून पडले की."

"मी पडतो ते तू जावीस म्हणून," बाबा म्हणाले. "तू गेलीस की मी पाणी घालतो."

सगळ्यांत आधी मावशी हसली. तिला हसू आवरेना, ती उंबऱ्यावरच बसली. मग मी. बाबाही हसले, खांदे हलेपर्यंत, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्हाला तिचा आवाज ऐकू येत होता, तीन वेळा, तीन माणसांशी तेच दबक्या सुरात बोलणारा. प्रत्येकाला वाटलं होतं की ती आपल्याशीच काही खाजगी बोलते आहे. मीच एकटी तिच्या विश्वासातली आहे, असं मी इतके दिवस मनाशी धरून होते. बाबांनीही धरलं असणार, आणि मावशीनेही.

बाबांचं हसणं थांबलं तेव्हा ते आम्हाला लगेच कळलं नाही, कारण खांदे अजून हलत होते.

मावशी उठली. तिने ट्रे एका बाजूने उचलला. खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून बाबांनी त्याच्याखाली पत्र्याचं ताट बसवलं होतं, कडा वळवून, चांगलं मजबूत. ते काठोकाठ भरलेलं होतं. ट्रे उचलताच त्यातून आंबूस वास आला, फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून जावं तसा.

"मुळं कुजली," मावशी म्हणाली. "कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून वरून सुकल्यासारखं दिसतं. आपल्याला वाटलं तहान लागली. अगं, बुडत होती ती."

मी त्या एका रोपाभोवतीची माती बोटाने बाजूला केली. देठाचा तळ तपकिरी होऊन मऊ पडला होता. मी म्हटलं, कोरड्या मातीत लावू, उन्हातून आत घेऊ, बघू तरी. मी चमच्याने ते रोप मातीसकट उचललं. माती गळून पडली आणि तिच्याबरोबर मुळंही, काळ्या ओल्या दोऱ्यांसारखी. वर फक्त पानांचा गेंद राहिला, माझ्या तळहातावर, अगदी ताजा. कुणी बघितलं असतं तर बाजारातून आणलाय म्हणालं असतं.

"आजचा दिवस टिकेल," मावशी म्हणाली. "उद्या हाताला चिकट लागेल."

"म्हणजे काय करायचं?"

हे मी विचारलं तेव्हा उत्तर मला माहीत होतं. तरी कुणीतरी दुसऱ्याने ते म्हणावं असं वाटत होतं. पाण्याच्या ग्लासात उभं करून ठेवता आलं असतं. पुस्तकात दाबून ठेवता आलं असतं; माझ्यासारखीला तेच सुचलं, जाड नकाशासंग्रहात, पानांच्या मध्ये. पण दाबलेल्या पानाला बी येत नाही.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी तो गेंद दोन्ही हातांत घेतला. सिंकपाशी जाऊन तळाचा कुजका भाग सुरीने कापला. आई कापायची तेव्हा देठातून दुधासारखा थेंब यायचा आणि तिच्या बोटांवर तपकिरी डाग पडायचे. बाबांनी कापल्यावर थांबून बघितलं. थेंब आला नाही. मग त्यांनी एकेक पान सुटं करून नळाखाली धरलं, हलकेच झटकलं आणि कापडावर मांडलं. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. पाव होता, लोणी होतं, पण कुणी घेतलं नाही. मावशीने मिठाची वाटी पुढे केली, मग स्वतःच मागे घेतली.

पहिलं पान गोड होतं. शेवटाला किंचित कडवट, जिभेच्या मागच्या बाजूला, असून नसल्यासारखं. मी डोळे मिटून ते लक्षात ठेवायचा प्रयत्न केला. शब्द लक्षात ठेवणं माझं काम आहे; वाचलेली ओळ वर्षांनंतरही मला पानाच्या डावीकडे होती की उजवीकडे ते सांगता येतं. चवीचं तसं होईना. गिळलं की ती गेलेली असायची आणि मी पुढचं पान उचलायचे, आधीचं आठवायला.

"तिचीच," बाबा म्हणाले.

मावशीने तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं. तिने दोनच पानं खाल्ली आणि बाकीची बाबांच्या ताटलीत सरकवली. बाबांनी ती खाल्ली, सगळी, सावकाश, घास मोडत. इतकं नीट जेवताना ते मला आई गेल्यावर आजच दिसत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

शेवटी एक पान उरलं, गाभ्यातलं, बोटाएवढं, कडा जेमतेम लालसर. बाबांनी ते माझ्याकडे ढकललं. मी त्यांच्याकडे. कुणीतरी खा, म्हणाली मावशी, सुकून जाईल. आम्ही दोघांनी मान हलवली आणि कुणीच खाल्लं नाही. मावशी गेली. जाताना बाल्कनीतला ट्रे उचलून नेऊ का, म्हणून तिने विचारलं, आणि बाबा म्हणाले, असू दे आज.

मी आतल्या खोलीत मुद्रितं घेऊन बसले. खिडकीतला उजेड कमी होत गेला, तरी दिवा लावायला उठले नाही. पलीकडे स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग काही वेळ काहीच नाही. मग, इतकं शांत होतं म्हणून मला ते ऐकू आलं: एकच पान, कोवळं, चावलं जाताना होतो तेवढाच आवाज. बाबा उभ्यानेच खात असावेत. ते बराच वेळ चावत राहिले, संपल्यानंतरही.

मी बाहेर गेले नाही.